काखेतले दुखणे थांबत नसेल तर डॉक्टरांकडे कधी जावे

काखेतले दुखणे बहुतेक वेळा साधे असते. पहिल्यांदाच वजने उचलली, घराचे छत रंगवले, जड पेटी उंच फळीवर चढवली किंवा केस काढताना वस्तरा जरा लागला, एवढे कारण त्याला पुरते, आणि असे दुखणे आठवड्याभरात आपोआप ओसरते. प्रश्न उरतो तो न ओसरणाऱ्या दुखण्याचा. आज जाईल, उद्या जाईल असे म्हणता म्हणता तीन आठवडे उलटतात, आणि तोवर माणूस एक तर त्या दुखण्याला सरावलेला असतो किंवा मनातल्या मनात सर्वांत वाईट आजाराचे नाव घेऊन धास्तावलेला असतो. सरावलेल्याला डॉक्टरांची गरज वाटत नाही आणि धास्तावलेल्याला तिकडे जाण्याचा धीर होत नाही, त्यामुळे दोघांचाही वेळ वाया जातो. माझे म्हणणे असे आहे की दुखण्याची तीव्रता हे इथले खरे माप धरू नये. ते किती दिवसांचे आहे, कशाने वाढते आणि त्याच्या जोडीला आणखी काय आहे, यावरून निर्णय घ्यावा.

आधी तातडीच्या गोष्टी सांगतो, कारण त्यांच्यासाठी लेखाच्या शेवटापर्यंत थांबणे योग्य नाही.

काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला कळ येत असताना छातीवर दाब आल्यासारखे वाटत असेल, कळ जबड्याकडे, मानेकडे किंवा पाठीकडे जात असेल, दरदरून घाम, धाप, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर हा हृदयविकाराचा झटका असू शकतो असे धरूनच चालावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. स्त्रियांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीतले दुखणे कमी आणि धाप, थकवा, मळमळ ही लक्षणे अधिक, असेही घडते, म्हणून ‘हात अवघडला असेल’ हे स्पष्टीकरण अशा वेळी स्वीकारू नये.

हात एकाएकी सुजून जड झाला, त्याचा रंग निळसर किंवा लालसर दिसू लागला, खांद्यावरच्या आणि छातीच्या वरच्या भागातल्या शिरा फुगून आल्या, तर काखेतून जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. हात वारंवार डोक्यावर नेण्याचे कष्टाचे काम किंवा खेळ केल्यानंतर तरुण, धडधाकट माणसालाही असे होते. उपचारासाठी शिरेत नळी ठेवलेली असेल तर ही शक्यता वाढते. ही गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. याउलट हात गार आणि पांढरा पडून बधिर झाला असेल, तर रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण आहे आणि तिथे तासांचाही उशीर करू नये.

तिसरी तातडी जंतुसंसर्गाची. लाली पसरत चालली, हुडहुडी भरून ताप आला, बोटावरच्या जखमेपासून काखेकडे जाणारी लाल रेघ दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लाली पसरते आहे की नाही हे नुसत्या नजरेने कळत नाही. तिच्या कडेने पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहून ठेवली, तर तीन-चार तासांनी उत्तर आपोआप मिळते. कातडीवर फारसे काही दिसत नसताना वेदना मात्र असह्य होत चालली आहे, कातडी जांभळी-काळपट पडते आहे, त्यावर फोड येत आहेत किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला आहे, अशा वेळी रेघ मारून वाट पाहत बसू नये, तडक रुग्णालयात जावे. मधुमेही, केमोथेरपी घेणारे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनी तर साध्या गळवाबरोबर आलेला तापही त्याच दिवशी दाखवावा.

यांपैकी काही नसेल, तर आता शांतपणे पाहता येईल.

काख ही दिसते तेवढी साधी जागा नाही. पुढच्या बाजूने छातीचा स्नायू, मागच्या बाजूने पाठीचा रुंद स्नायू आणि आतल्या बाजूला बरगड्या, अशा कोनात हाताकडे जाणारी मोठी रोहिणी, शीर आणि मज्जातंतूंचा जुडगा एकमेकांना लागून असतो, आणि त्यांच्याभोवतीच्या चरबीत सुमारे २० ते ३० लसिका ग्रंथी विखुरलेल्या असतात. हात, स्तन आणि छाती-पाठीचा वरचा भाग यांतून येणारा द्रव या ग्रंथी गाळून घेतात. वर पुन्हा केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी आहेतच. त्यामुळे दुखणे काखेत जाणवले तरी त्याचे मूळ बोटाच्या टोकाला, मानेत किंवा स्तनात असू शकते.

म्हणून पहिले काम नीट पाहण्याचे आणि चाचपण्याचे, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. हात डोक्यावर नेला की काखेची कातडी आणि तिच्या खालचे पडदे ताणले जातात, त्यामुळे खोलवरची गाठ बोटांना लागत नाही. पाहताना हात वर करावा. चाचपताना तो खाली आणावा. खुर्चीवर बसून दुखऱ्या बाजूचा हात टेबलावर किंवा मांडीवर सैल सोडावा, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे एकत्र जुळवून काखेत शक्य तेवढी वर सरकवावीत आणि मग बोटांच्या पेरांनी बरगड्यांवर हलका दाब देत सावकाश खाली यावे. पुढची घडी आणि मागची घडी अंगठा व बोटांच्या चिमटीत धरून पाहावी. हेच दुसऱ्या बाजूलाही करावे, कारण दोन्ही बाजूंची तुलना केल्याशिवाय आपल्या शरीराचे नेहमीचे कसे आहे हे कळत नाही. सडपातळ माणसाला वाटाण्याएवढी, मऊ, बोटाखालून निसटणारी एखादी ग्रंथी एरवीही लागू शकते. काही सापडले तर त्याचा आकार कशाएवढा, ते मऊ की टणक, सरकते की खाली चिकटलेले, दाबल्यावर दुखते की नाही, हे तारीख घालून लिहून ठेवावे आणि पुढचे आठवडाभर पुन्हा पुन्हा दाबू नये. सतत दाबल्याने निरोगी ग्रंथीही दुखरी होते.

आता दुखण्याच्या स्वभावाकडे वळू. हात विशिष्ट दिशेला नेला, काही ढकलले किंवा उचलले की दुखते, आणि स्वस्थ ठेवला की थांबते, असे असेल तर ते बहुधा स्नायूचे असते. पुढची किंवा मागची घडी चिमटीत धरल्यावर नेमकी तीच कळ उठली की शंका उरत नाही. अशा दुखण्याला दोन आठवडे द्यावेत. मात्र ताण पडताना काही तुटल्यासारखा आवाज झाला असेल, काळे-निळे पडले असेल, घडीचा आकार बदलला असेल किंवा हात उचलताच येत नसेल, तर स्नायू फाटलेला असू शकतो किंवा सांधा निखळलेला असू शकतो. तिथे दोन दिवसही थांबू नये.

कातडीचे दुखणे डोळ्यांना दिसते. केस काढल्यानंतर उठणारे बारीक पुरळ, केसतोड, डिओडरंटमधल्या सुगंधी द्रव्याने होणारी आग, घामाने ओल्या राहणाऱ्या घडीत वाढणारी बुरशी ही नेहमीची कारणे आहेत. केस काढणे आणि डिओडरंट दोन आठवडे बंद ठेवून जागा कोरडी राखली तर यांतले बरेचसे बरे होते. खाज आणि लाली दिसताच हाताला येईल ती स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावण्याची सवय मात्र घातक आहे; बुरशी असेल तर ती काही दिवस दबल्यासारखी दिसते आणि मग आधीपेक्षा दूरवर पसरते. काखेतल्या गळवाला आपल्याकडे काखमांजरी म्हणतात आणि ती फोडण्याचा मोह फार जणांना होतो. ती पिळू नये, सुईने टोचू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा शेकावे. दोन-तीन दिवसांत उतार नसेल, ठणका झोपू देत नसेल किंवा ताप येत असेल, तर डॉक्टरांनी तिला छोटा छेद देऊन पू काढणे हाच बरा होण्याचा जवळचा मार्ग असतो.

इथे एका आजाराबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण त्याचे रुग्ण वर्षानुवर्षे उगीचच स्वतःला दोष देत राहतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा खोल, दुखऱ्या गाठी येणे, त्या फुटून वाहणे, बरे झाल्यावर दोरीसारखे व्रण राहणे, कातडीखाली एका छिद्रातून दुसऱ्या छिद्राकडे जाणारे बोगदे तयार होणे आणि असेच जांघेत किंवा स्तनांखालीही होणे, याला हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा म्हणतात. तो साधारणपणे वयात आल्यानंतर, बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. केसांच्या मुळांची तोंडे बंद होऊन आत दाह होतो, हे त्याचे कारण. अस्वच्छतेमुळे तो होत नाही आणि स्पर्शाने दुसऱ्याला लागत नाही. धूम्रपान आणि अधिक वजन यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. दर वेळी वेगळे गळू समजून वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्यामुळे निदानाला वर्षे लागतात. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा काखेत असे गळू आले असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि आधीच्या सगळ्या गळवांची हकिकत एकत्र सांगावी. लवकर सुरू केलेले उपचार बोगदे आणि व्रण टाळू शकतात, आणि ते टळणे ही या आजारात फार मोठी गोष्ट आहे.

हातावर कुठे जखम झाली की काखेत येणाऱ्या दुखऱ्या गाठीला मराठीत अवधाण असा नेमका शब्द आहे. बोटाला काटा रुतला, नखुरडे झाले, मांजराने ओरबाडले, तर त्या बाजूच्या लसिका ग्रंथी जंतूंशी लढताना सुजतात. मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या एका जंतुसंसर्गात तर ग्रंथी एक ते तीन आठवड्यांनी सुजते, तोपर्यंत ओरखडा बरा होऊन विसरलाही गेलेला असतो. म्हणून गाठ लागली की आधी त्या हाताची बोटे, नखांच्या कडा आणि कोपरापर्यंतची कातडी नीट पाहावी आणि मागचा महिना आठवावा. दंडात घेतलेल्या लशीनंतरही त्याच बाजूची ग्रंथी सुजू शकते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. लहान बाळांमध्ये क्षयरोगाची लस ज्या दंडावर दिली, त्या बाजूच्या काखेत अशी गाठ येते. ती मोठी होत असेल किंवा मऊ पडून फुटण्याच्या बेतात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावी.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संसर्गाने सुजलेली ग्रंथी एकाएकी येते आणि दुखते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणून सोडून दिलेली गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा जास्त लक्ष देण्याजोगी असते. काखेत काही दिवस दुखले, मग दुखणे थांबले आणि गाठ मात्र तशीच राहिली, तर काम संपले असे समजू नये. कारण सापडो वा न सापडो, दोन आठवड्यांत लहान न होणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी. ती टणक असेल, खाली चिकटलेली असेल, वाढत असेल, किंवा मानेत अथवा गळपट्टीच्या हाडाच्या वरही गाठ लागत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. रात्री कपडे भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप आणि प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक घट, यांची जोड असेल तर क्षयरोग आणि लसिका ग्रंथींचा कर्करोग या दोन्हींची तपासणी आवश्यक ठरते.

स्तनाचा एक भाग शेपटीसारखा काखेत गेलेला असतो, त्यामुळे पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही काखांत होणारे जडपण आणि ठसठस हे स्तनांचेच दुखणे असते आणि पाळी सुरू झाली की ओसरते. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास काखेत दुखरी सूज आली तर तिथल्या स्तनपेशींत दूध साठल्याची ती शक्यता असते. ताप, लाली आणि स्तनाचा एखादा भाग टणक झाल्यास डॉक्टरांना गाठावे, मात्र त्यासाठी दूध पाजणे सहसा थांबवावे लागत नाही. स्तनात गाठ, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा पोत, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्ताळ स्राव, यांपैकी काहीही काखेतल्या दुखण्याबरोबर असेल तर पाळीचे चक्र मोजत बसू नये. पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो. तो एकूण रुग्णांत सुमारे एक टक्का असतो, आणि पुरुषाच्या मनात हा विचारच येत नसल्याने उशीर होतो.

ज्यांची स्तनाची किंवा काखेची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांचे दुखणे वेगळे असते. हात वर करताना काखेपासून कोपराकडे कातडीखाली दोरी ताणल्यासारखी तार दिसते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत ती येऊ शकते आणि फिजिओथेरपीने बहुधा सुटते. घड्याळाचा पट्टा किंवा अंगठी त्या हाताला घट्ट होऊ लागली, तर ती लसिकेची, म्हणजे ग्रंथींकडे जाणारा द्रव हातात साचल्याची, सूज असू शकते आणि तिचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. त्या हातावर लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

मज्जातंतूंचे दुखणे चाचपून सापडत नाही. काखेपासून छातीच्या एकाच बाजूने पट्ट्यासारखी आग होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, आणि एक ते पाच दिवसांनी त्या पट्ट्यावर पाण्याने भरलेले फोड उठतात, ती नागीण. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक फायदा होतो, म्हणून इथे ‘दोन दिवस पाहू’ हा सल्ला चुकीचा ठरतो. मान वळवल्यावर वाढणारे आणि हातात मुंग्या आणणारे दुखणे मानेतल्या मणक्यांतून येते. हाताची ताकद कमी झाली असेल तर ते लवकर दाखवावे. आणखी एक प्रकार दुर्मीळ आहे, पण माहीत असायला हवा. खांदा आणि काखेतून दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत जाणारे, रात्रीही न थांबणारे दुखणे, तळहाताचे स्नायू बारीक होत जाणे आणि त्याच बाजूची पापणी खाली झुकणे, ही फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. अनेक वर्षे धूम्रपान केलेल्या माणसाचा ‘खांदा दुखतो’ म्हणून महिनोन्महिने शेक घेण्यात वेळ जातो, तो इथेच.

वर सांगितलेल्यांपैकी काहीच जुळत नसेल, तरी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले, झोप मोडणारे किंवा वाढत जाणारे दुखणे डॉक्टरांना दाखवण्यास पुरेसे कारण आहे. तोपर्यंत वेदनाशामक घ्यायचेच असेल तर पॅरासिटामॉल वेष्टनावरच्या प्रमाणात घ्यावे; आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर किंवा गरोदरपण असताना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या औषधांनी तापही दबतो, म्हणून गोळी घेण्याआधी ताप मोजून लिहावा. उरलेली प्रतिजैविके स्वतःहून घेऊ नयेत, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या तर मुळीच नाहीत, कारण त्यांनी लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची गाठ तात्पुरती आकसते आणि निदान हुकते.

सुरुवात कुटुंबाच्या डॉक्टरांकडून करावी. सैल, पुढून उघडणारा कपडा घालावा. केस काढलेले नाहीत, घाम आहे, वास येईल, या संकोचाने अनेक जण बाहीवरूनच जागा दाखवतात आणि डॉक्टरही तेवढ्यावर थांबतात. दोन्ही काखा उघडून तपासाव्यात असे आपण स्पष्ट म्हणावे, आणि हवे असल्यास परिचारिका किंवा घरचे माणूस सोबत ठेवण्याची विनंती करावी. दुखणे कधी सुरू झाले, त्या हाताची जखम, प्राण्याचा ओरखडा, गेल्या दोन महिन्यांतली लस आणि ती कोणत्या दंडात घेतली, चालू औषधे, पाळीची तारीख आणि घरातील स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास, एवढे कागदावर लिहून न्यावे.

तपासणीनंतर डॉक्टर रक्तचाचणी, काखेची सोनोग्राफी, गरज वाटल्यास मॅमोग्राफी किंवा छातीचा एक्स-रे सांगतील. मॅमोग्राफीच्या दिवशी डिओडरंट किंवा पावडर लावू नये. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण चित्रात संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात. डिओडरंटमुळे कर्करोग होतो ही भीती मात्र सिद्ध झालेली नाही. ग्रंथी संशयास्पद वाटली तर तिच्यात सुई घालून पेशी किंवा बारीक तुकडा काढतात, यालाच बायोप्सी म्हणतात. सुई लावली की आजार पसरतो, असे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. त्या ऐकीव भीतीपायी बायोप्सी नाकारू नये, कारण तिच्याशिवाय क्षयरोग आणि कर्करोग यांच्यातला फरक खात्रीने सांगता येत नाही आणि दोघांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

तपासण्या ठीक आल्या आणि डॉक्टरांनी ‘वाट पाहू’ असे सांगितले, तर किती आठवडे आणि कोणत्या बदलावर आधीच परत यायचे, हे तिथेच विचारून घ्यावे. ठरलेल्या तारखेला दुखणे किंवा गाठ तशीच असेल, तर आधीचा अहवाल चांगला होता म्हणून घरी बसू नये. तोच अहवाल आणि तारखांची नोंद घेऊन परत जावे आणि पहिल्या भेटीच्या वेळी हाताला लागलेली गाठ आज कशी लागते, हे त्याच डॉक्टरांना पुन्हा पाहायला सांगावे.